सागा आणि साधनचिकित्सा : स्कँडिनेव्हियन इतिहाससंशोधनातील शतकभराचा वाद

प्रास्ताविक

डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि आइसलँड या देशांच्या प्राचीन इतिहासाची अवस्था काहीशी विलक्षण आहे. ज्या कालखंडामुळे उत्तर युरोपचे नाव जगाच्या इतिहासात गाजले, त्या व्हायकिंग कालखंडाविषयी (सुमारे इ. स. ८०० ते १०५०) तेथील लोकांनी त्या काळात स्वतः फारच थोडे लिहून ठेवले. रूनिक लिपीतील त्रोटक शिलालेख सोडल्यास समकालीन लेखी पुरावा मुख्यतः परकीयांचा, आणि परकीयांपैकी बहुतेक या दर्यावर्दी लोकांच्या लुटीची झळ सोसलेले. या काळाचे सलग व जिवंत चित्र ज्या ग्रंथांतून उभे राहते ते ‘सागा’ नावाचे गद्यग्रंथ बहुतांशी बाराव्या शतकाच्या अखेरीपासून चौदाव्या शतकापर्यंत, तेही मुख्यत्वे आइसलँड बेटावर, लिहिले गेले. घटना आणि तिचे लेखन यांमध्ये दोनशे ते तीनशे वर्षांचे अंतर पडलेले आहे.

‘सागा’ हा शब्द ‘सांगणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. सागा म्हणजे सांगितलेले. मराठी वाचकाला येथे बखरीची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु बखर बहुधा कोणाच्या तरी आज्ञेवरून वा विनंतीवरून लिहिली जाई आणि तसे ती आरंभीच सांगते, तर आइसलँडच्या कुळकथा सांगणाऱ्या सागांचा कर्ता आपले नावही पुढे येऊ देत नाही. तो मनातले बोलत नाही, पात्रांच्या मनात शिरत नाही. कोण काय म्हणाला आणि कोणी काय केले एवढेच कोरड्या स्वरात नोंदवितो. या संयमामुळेच सागा वाचताना आपण साक्षीदाराची जबानी ऐकत आहोत असा भास होतो. हा भास कितपत विश्वसनीय आहे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी उपस्थित झाला. त्यातून उद्भवलेल्या वादाचा आणि त्याच्या आजच्या स्थितीचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

राष्ट्राचा ग्रंथ

वादाची तीव्रता समजण्यासाठी सागांना एकोणिसाव्या शतकात कोणते स्थान प्राप्त झाले होते ते पाहिले पाहिजे. नॉर्वे हा देश शतकानुशतके डेन्मार्कच्या राजसत्तेखाली होता. १८१४ मध्ये ते राज्य संपले, पण लगेच स्वीडनशी संयुक्त राजपद पत्करावे लागले. स्वतःची संसद मिळालेल्या, परंतु स्वतःचा राजा नसलेल्या या राष्ट्राला आपल्या स्वतंत्र अस्तित्वाचा पुरावा भूतकाळात शोधावा लागला. तो पुरावा स्नोरी स्टुर्लुसॉन या आइसलँडिक सरदाराने सुमारे १२३० मध्ये रचलेल्या ‘हाइम्सक्रिंग्ला’ या नॉर्वेच्या राजांच्या सागासंग्रहात आयता सापडला. पी. ए. मुंक यांनी १८५१ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘नॉर्वेच्या लोकांचा इतिहास’ या बहुखंडी ग्रंथाला सागांचा मोठा आधार होता. सागांतील वर्षांची बेरीज-वजाबाकी करून अभ्यासकांनी हाफ्रस्फ्योर्डच्या लढाईचे वर्ष ८७२ असे निश्चित केले. या लढाईत हाराल्ड हॉर्फाग्रे याने सारा नॉर्वे एका छत्राखाली आणला अशी परंपरा. तिच्या सहस्रसांवत्सरिकानिमित्त १८७२ मध्ये हाउगेसुंड येथे उंच स्मारकस्तंभ उभारण्यात आला. १८९९ मध्ये गुस्ताव स्टोर्म यांनी केलेला स्नोरीचा अनुवाद नामांकित चित्रकारांच्या चित्रांसह प्रसिद्ध झाला आणि पुढील वर्षी सरकारी साहाय्याने त्याची स्वस्त लोकावृत्ती निघाली. १९०५ मध्ये स्वीडनशी असलेला संबंध तुटल्यावर नॉर्वेने ज्या डॅनिश राजपुत्राला सिंहासनावर बसविले, त्याने ‘होकोन सातवा’ हे नाव धारण केले आणि आपल्या बालपुत्राचे नाव बदलून ‘ओलाव’ ठेवले. दोन्ही नावे सागांतील राजांची.

सागांचे असे उपयोजन नवे नव्हते. सतराव्या शतकात स्वीडन ही बलाढ्य सत्ता असताना उप्सालाचे ओलोफ रुडबेक यांनी जुन्या नॉर्स ग्रंथांचा आधार घेत प्लेटोचे अटलांटिस म्हणजे स्वीडनच होय, असे भल्यामोठ्या खंडांतून सिद्ध केले होते. त्या ग्रंथाकडे आज विद्वत्तेच्या विक्षेपाचा नमुना म्हणून पाहिले जाते. मुंक यांच्या पिढीचे काम अर्थातच निराळ्या दर्जाचे होते. त्यांना साधने तपासण्याची शिस्त ठाऊक होती. परंतु ही तपासणी तपशिलांपुरती असे. दोन सागांत विसंगती आढळल्यास अधिक संभाव्य वाटेल ते ठेवावे, अद्भुत वाटेल ते गाळावे आणि उरलेल्यातून कथा जुळवावी, अशी ती रीत होती. अद्भुत अंश काढून टाकला म्हणजे उरलेला अंश आपोआप इतिहास होतो, हे या रीतीमागचे गृहीतक होते.

स्वोल्डरची झडती

या गृहीतकावर घाव घातला तो लाउरित्स वायबुल (१८७३–१९६०) यांनी. ते लुंडचे. लुंड ज्या स्कोने प्रांतात आहे तो १६५८ पर्यंत डेन्मार्कचा भाग होता आणि त्यानंतर स्वीडनकडे आला. दोन राष्ट्रांच्या सीमेवर घडलेल्या या अभ्यासकाला स्टॉकहोम-उप्सालाच्या राष्ट्राभिमानी इतिहासलेखनाचे आकर्षण वाटले नाही, यात नवल नाही. १९०३ पासून ते लुंड येथील प्रांतिक दप्तरखान्याचे प्रमुख होते. म्हणजे अस्सल कागद कसा असतो हे त्यांना रोजच्या हाताळणीतून ठाऊक होते. फ्रेंच पंडित जोझेफ बेदिए यांच्या मध्ययुगीन कथांवरील संशोधनाचाही त्यांच्यावर प्रभाव होता. कथा देशोदेशी कशा फिरतात आणि नव्या नायकांना कशा चिकटतात, हे त्यांनी तेथून घेतले. १९११ मध्ये त्यांचा ‘इ. स. १००० च्या सुमारास उत्तरेच्या इतिहासातील चिकित्सक शोध’ या आशयाच्या शीर्षकाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथ आकाराने फार मोठा नाही. पण त्याने उडविलेली खळबळ मोठी होती.

वायबुल यांची पद्धती पाहण्यासाठी स्वोल्डरच्या आरमारी लढाईचे उदाहरण पुरेसे आहे. सागांतील हकीकत अशी : नॉर्वेचा राजा ओलाफ ट्रिग्वासॉन याने स्वीडनची विधवा राणी सिग्रिड हिला मागणी घातली. तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारण्यास नकार देताच त्याने हातातील मोजा तिच्या तोंडावर मारला. हा अपमान तिने मनात ठेवला. पुढे तिने डेन्मार्कचा राजा स्वेन याच्याशी विवाह केला आणि त्याला सूडासाठी चिथविले. स्वेन, सिग्रिडचा मुलगा व स्वीडनचा राजा ओलोफ आणि नॉर्वेतून परागंदा झालेला सरदार एरिक यार्ल यांनी एकत्र येऊन स्वोल्डर बेटाआड दबा धरला. ओलाफ आपल्या ‘लांब सर्प’ नावाच्या प्रचंड जहाजासह त्यात सापडला आणि शेवटी समुद्रात उडी घेऊन नाहीसा झाला. जहाजे एकेक करून पुढे जात असताना दबा धरून बसलेले राजे प्रत्येक मोठ्या जहाजाला ‘हाच तो सर्प’ समजतात, हा प्रसंग तर अत्यंत नाट्यपूर्ण आहे.

वायबुल यांनी या हकीकतीला साधे प्रश्न विचारले. हे प्रथम कोणी लिहिले? केव्हा? त्याला कसे कळले? लढाई इ. स. १००० च्या आसपासची. ओड्ड या आइसलँडिक भिक्षूने ओलाफचे चरित्र लिहिले ते सुमारे ११९० मध्ये. स्नोरीने त्यानंतर चाळीस वर्षांनी. स्नोरीने ओड्डचा उपयोग केला आहे. तेव्हा दोन ग्रंथ एकच गोष्ट सांगतात म्हणून दोन साक्षीदार मिळाले असे होत नाही. नक्कल कितीही सुबक असली तरी साक्ष एकच राहते. या दोघांहून जुना वृत्तांत ब्रेमेनच्या आडामचा, सुमारे १०७५ मधील. तो डेन्मार्कच्या राजाशी प्रत्यक्ष बोललेला होता. त्याच्या मते लढाई डेन्मार्क व स्कोने यांमधील सामुद्रधुनीत झाली. आडामला ओलाफविषयी प्रेम नव्हते, हेही वायबुल नोंदवितात; त्याची साक्ष जुनी आहे, निःपक्षपाती नाही. आणि सिग्रिड? आडाम सांगतो की स्वेनने स्वीडनच्या राजाच्या विधवेशी विवाह केला. मेर्सेबुर्गचा बिशप थिएटमार हा तर स्वेनचा समकालीन. त्याच्या मते स्वेनची राणी ही पोलंडचा अधिपती मिएश्को याची कन्या होती. सिग्रिड हे नाव, तो मोजा, तो सूड यांपैकी काहीही या जुन्या साधनांत नाही. वायबुल यांनी निष्कर्ष काढला की अभिमानी सिग्रिड ही इतिहासातील व्यक्ती नव्हे, ती कथेची निर्मिती आहे.

जहाजे ओळखण्याचा प्रसंगही उसना असावा असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. नवव्या शतकात संत गालेनच्या मठातील भिक्षू नोटकर याने शार्लमेनविषयी लिहिलेल्या ग्रंथात लोंबार्ड राजा मनोऱ्यावरून शत्रुसैन्याच्या एकेका तुकडीकडे पाहून ‘यात शार्लमेन आहे काय’ असे विचारत राहतो. सैन्याच्या जागी जहाजे आणि मनोऱ्याच्या जागी बेट ठेवले की स्वोल्डरचा प्रसंग तयार होतो.

शेवटी हाती काय उरले? ओलाफच्या दरबारातील हाल्फ्रेड या कवीची आणि एरिक यार्लच्या बाजूच्या कवींची काही समकालीन पद्ये. त्यांतून एवढे कळते की ओलाफ ट्रिग्वासॉन एका आरमारी लढाईत अनेक शत्रूंविरुद्ध लढला आणि पडला. हाल्फ्रेडच्या काव्यात तर राजा वाचल्याच्या अफवांचाही उल्लेख येतो. ठिकाण अनिश्चित, कारण अनिश्चित. पिढ्यान्‌पिढ्या आवडीने वाचलेल्या प्रकरणाचे दोन वाक्यांत मावेल एवढे सार राहिले. ज्यांना ते प्रकरण मुखोद्गत होते त्यांना ही चिकित्सा नव्हे, मोडतोड वाटली.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. समकालीन पद्य हे अधिक विश्वसनीय साधन होय, हे तत्त्व वायबुल यांनी शोधलेले नाही. ते स्नोरीनेच आपल्या प्रस्तावनेत मांडले आहे. राजासमोर किंवा त्याच्या मुलांसमोर म्हटलेल्या स्तुतीत त्याने न केलेले पराक्रम घालण्यास कोणी धजणार नाही, कारण ती स्तुती न राहता थट्टा होईल, असा त्याचा युक्तिवाद आहे. या पद्यांची वृत्तरचना इतकी काटेकोर असते की शब्द बदलला तर यमक-अनुप्रास कोसळतो. म्हणून ती तोंडी परंपरेत टिकली. स्नोरी स्वतः साधनचिकित्सक होता. फरक असा की पद्यांच्या मधल्या रिकाम्या जागा त्याने प्रतिभेने भरल्या आणि वायबुल यांनी त्या रिकाम्याच ठेवल्या.

लाउरित्स यांचे धाकटे बंधू कुर्ट वायबुल (१८८६–१९९१) यांनी १९१५ मध्ये साक्सो या डॅनिश इतिहासकारावर तशीच चिकित्सा केली. १९१९ मध्ये लाउरित्स लुंड येथे प्राध्यापक झाले आणि १९२८ मध्ये त्यांनी ‘स्कांडिया’ हे नियतकालिक सुरू केले. उप्सालाच्या गोटातून त्यांच्यावर सतत टीका होत राहिली. पुढे १९६४ मध्ये रॉल्फ तोर्स्तेनडाल यांनी साधनचिकित्सेची तत्त्वे वायबुलपूर्व स्वीडिश अभ्यासकांनाही परिचित होती, असे सप्रमाण मांडले. ते खरे आहे. पण तत्त्व ठाऊक असणे आणि आपल्या सर्वांत लाडक्या कथेला ते लावणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट करण्याचे धैर्य वायबुल यांचे. साधनचिकित्सेसाठी असलेला स्वीडिश शब्द आज तेथील शालेय अभ्यासक्रमात रुजला आहे.

नॉर्वेमध्ये चिकित्सेने निराळे वळण घेतले. हाल्व्दान कोट यांनी १९१३ मधील एका व्याख्यानात असा मुद्दा मांडला की सागांनी दहाव्या-अकराव्या शतकातील संघर्षांवर आपल्या काळातील, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकातील, राजा विरुद्ध चर्च व सरदार हा संघर्ष लादला. १९३१ मध्ये एद्वार्द बुल यांनी तर स्नोरीच्या भव्य कथनाचे प्रत्यक्ष घटनांशी काही खोल साम्य असेल हा भ्रम सोडावा, अशी स्पष्ट भूमिका घेतली. हे दोघेही मजूर पक्षाचे आणि दोघांनीही नॉर्वेचे परराष्ट्रमंत्रिपद भूषविले, बुल यांनी १९२८ मध्ये अल्पकाळ आणि कोट यांनी १९३५ पासून. राष्ट्राची आद्यकथा नाकारणारे विद्वान राष्ट्राचे प्रतिनिधित्व करू शकले, ही त्या समाजाच्या प्रौढपणाची खूण म्हटली पाहिजे. १९८९ मध्ये क्लाउस क्राग यांनी नॉर्वे ही हाराल्ड हॉर्फाग्रेच्या वंशाची वडिलोपार्जित मालमत्ता होती, ही कल्पनाच उत्तरकालीन रचना असल्याचे प्रतिपादन केले. आणि २००२ मध्ये आइसलँडचे स्वेरिर याकोब्सॉन यांनी हाराल्डच्या ऐतिहासिकतेबद्दलच शंका उपस्थित केली. हाउगेसुंडचा स्तंभ मात्र जागेवर आहे.

आइसलँडमधील उलथापालथ

नॉर्वेकडे सागांखेरीज दाखविण्यासारखे इतर पुष्कळ होते. आइसलँडकडे जवळजवळ सागाच होत्या. राजवाडे नाहीत, किल्ले नाहीत, मध्ययुगीन दगडी प्रार्थनामंदिरे नाहीत. वासराच्या कातड्यावर लिहिलेली हस्तलिखिते तेवढी होती, आणि तीही कोपनहेगनमध्ये. आर्नी माग्नुसॉन (१६६३–१७३०) यांनी ती बेटावरील घराघरांतून जमवून डेन्मार्कच्या राजधानीत नेली होती. त्यांतील काही भाग, विशेषतः छापील ग्रंथ व कागदपत्रे, १७२८ च्या आगीत भस्मसात झाला. उरलेला संग्रह तेथेच राहिला.

सागा या पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपलेल्या व नंतर जशाच्या तशा लिहून घेतलेल्या कथा आहेत, की लेखणी हातात घेऊन बसलेल्या लेखकांच्या कृती आहेत? या दोन पक्षांना आंद्रेआस हॉइस्लर यांनी १९१४ मध्ये ‘मुक्तगद्य’ व ‘ग्रंथगद्य’ अशा अर्थाची नावे दिली. पहिला पक्ष खरा असेल तर सागांत इतिहासाचा अंश मोठा. दुसरा खरा असेल तर त्या साहित्य. १९४० मध्ये सिगुर्दुर नोर्दाल यांनी ‘ह्राफ्नकेलची सागा’ या एका लहान, अत्यंत रेखीव सागेचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्थळे, वंशावळी आणि इतर साधने ताडून पाहता या सागेतील प्रमुख पात्रांपैकी काही कधी अस्तित्वातच नसावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. ही सर्वांत वास्तव वाटणारी सागा. तीच कल्पित ठरली, तर वास्तवाचा भास हा सत्याचा पुरावा उरत नाही.

हा निष्कर्ष स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असलेल्या देशात मांडला गेला (आइसलँड १९४४ मध्ये प्रजासत्ताक झाले) आणि तो मांडणारे नोर्दाल निष्ठावंत राष्ट्रवादी होते, याकडे पुढील अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. इतिहास म्हणून गमावलेली सागा साहित्य म्हणून परत मिळविण्याचा हा मार्ग होता. शेतकऱ्यांच्या तोंडी कथा जपणाऱ्या बेटापेक्षा तेराव्या शतकात कादंबरीच्या तोडीचे गद्य निर्माण करणारे बेट युरोपच्या पंक्तीत अधिक मानाने बसू शकत होते. म्हणजे येथेही राष्ट्राभिमान होताच. त्याने केवळ आसन बदलले. याच सुमारास कादंबरीकार हालदोर लाक्सनेस यांनी आधुनिक शुद्धलेखनात सागा प्रसिद्ध करण्यास घेतल्यावर संसदेने १९४१ मध्ये कायदा करून प्राचीन ग्रंथांच्या प्रकाशनावर निर्बंध घातले. लाक्सनेस यांनी १९४२ मध्ये नेमकी ह्राफ्नकेलचीच सागा नव्या लेखनात काढली. खटला झाला, दंड झाला. पण १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. शुद्धलेखनासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागावी, यावरून या ग्रंथांविषयीची भावना किती हळवी होती हे ध्यानात येते. १९७१ च्या एप्रिलमध्ये पहिली दोन हस्तलिखिते डॅनिश युद्धनौकेतून रेक्याविक बंदरात उतरली तेव्हा स्वागतासाठी मोठा जमाव लोटला होता. हस्तांतराचे काम १९९७ मध्ये पूर्ण झाले.

नोर्दाल यांच्यानंतर प्रश्नाचे स्वरूप पालटले. डॅनिश इतिहासकार क्रिस्टिआन एर्स्लेव यांनी पूर्वीच दाखवून दिले होते की एकच ग्रंथ एका प्रश्नासाठी ‘वृत्तांत’ असतो आणि दुसऱ्या प्रश्नासाठी ‘अवशेष’. दहाव्या शतकात काय घडले याचा वृत्तांत म्हणून सागा दुर्बळ असेल. तेराव्या शतकातील माणसे मान-अपमान, वैर, मध्यस्थी व नुकसानभरपाई यांविषयी कसा विचार करीत, याचा अवशेष म्हणून ती अव्वल दर्जाची आहे. जेसी बायॉक (१९८२) व विल्यम इयन मिलर (१९९०) यांनी आइसलँडमधील वैरप्रथेचा आणि स्व्हेरे बाग्गे (१९९१) यांनी स्नोरीच्या ग्रंथातील राजकारणाचा जो अभ्यास केला तो याच वाटेने. राजा नाही, पोलीस नाही, शिक्षा अमलात आणणारी यंत्रणा नाही, तरीही कायदा व न्यायसभा आहेत, असा समाज कसा चालतो, हे सागांइतके सविस्तर दुसरे कोणतेही मध्ययुगीन साधन सांगत नाही.

मातीतील पुरावा

एवढ्यावर वाद मिटला असता. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वायबुल यांच्या पद्धतीने विचारात न घेतलेला एक साक्षीदार पुढे आला. त्याने सागा वाचलेल्या नव्हत्या आणि तिच्याशी त्याचा काही स्वार्थही निगडित नव्हता.

आरी थोर्गिल्सॉन या धर्मोपदेशकाने ११२२ ते ११३३ च्या दरम्यान आइसलँडचा संक्षिप्त इतिहास लिहिला. बेटावर वसाहत सुरू झाली ती ईस्ट अँग्लियाचा राजा एडमंड याचा वध झाला त्या सुमारास, म्हणजे ८७० मध्ये, असे तो सांगतो आणि आपल्याला हे कोणाकडून कळले त्यांची नावे देतो. तरीही अंतर अडीचशे वर्षांचे. वायबुल यांच्या कसोटीवर ही साक्ष टिकणे कठीण. परंतु आइसलँडच्या मातीत ज्वालामुखीच्या राखेचा एक थर आहे. वस्तीचे जवळजवळ सर्व अवशेष त्याच्या वर सापडतात आणि अगदी थोडे त्याच्या खाली. हीच राख ग्रीनलँडच्या हिमस्तरांत सापडली आणि हिमाचे वार्षिक थर मोजून तिचे वर्ष ८७१, दोन वर्षे अलीकडे-पलीकडे, असे निघाले; नंतरच्या मोजणीत ते ८७७ च्या आसपास सरकले. आरीचे म्हणणे काही वर्षांच्या फरकाने बरोबर निघाले.

व्हिनलंडची गोष्ट याहून अधिक बोलकी आहे. ग्रीनलँडहून निघालेले दर्यावर्दी पश्चिमेकडील एका सुपीक भूमीवर पोहोचले, असे दोन सागा सांगतात. पण कोणी प्रथम पाहिली, किती सफरी झाल्या, कोणाबरोबर कोण गेले, याविषयी त्या एकमेकींशी जुळत नाहीत. १९६० मध्ये हेल्गे इंगस्टाड यांना कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकाला लान्स ओ मेडोज येथे गवताखाली गाडलेल्या घरांच्या खुणा आढळल्या आणि त्यांच्या पत्नी, पुरातत्त्वज्ञ आने स्तिने इंगस्टाड यांनी १९६१ पासून तेथे उत्खनन केले. नॉर्स पद्धतीची घरे, लोखंड गाळल्याच्या खुणा, काशाची टाचणी आणि सूत कातण्याच्या चातीचा दगडी भोवरा सापडला. भोवऱ्याचे महत्त्व विशेष. कारण सूतकताई हे स्त्रियांचे काम, आणि दोन्ही सागांत स्त्रिया सफरीवर आहेत. २०२१ मध्ये तेथील धातूच्या हत्याराने तोडलेल्या लाकडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ९९३ मध्ये आकाशातून आलेल्या किरणोत्साराची खूण जगभरच्या झाडांच्या त्या वर्षीच्या वलयात उमटलेली आहे. त्या वलयापासून सालीपर्यंत अठ्ठावीस वलये मोजली गेली. तीन वेगवेगळी झाडे एकाच वर्षी, १०२१ मध्ये, तोडली गेली होती.

तेव्हा सागा खऱ्या ठरल्या काय? प्रश्न असा विचारणेच चुकीचे आहे. माती सांगते की अटलांटिकपलीकडे नॉर्स माणसे होती आणि अमुक वर्षी होती. लाइफ एरिकसॉन तेथे होता की नाही, हे ती सांगत नाही. आणि एका सागेत त्याला ओलाफ ट्रिग्वासॉनने ग्रीनलँडला धर्मप्रसारासाठी पाठविले असे जे म्हटले आहे, ते राजाचे माहात्म्य वाढविण्यासाठी केलेली उत्तरकालीन भर होय, हे योन योहान्नेसॉन यांनी १९५६ मध्ये केवळ ग्रंथचिकित्सेने दाखवून दिलेच होते. फावडे आले म्हणून चिकित्सा अनावश्यक झाली नाही. उलट, सागेतील कोणते विधान मातीला विचारता येईल आणि कोणते येणार नाही, हे निवडण्याची शिस्त वायबुल यांच्या परंपरेचीच आहे.

मातीने आणि रक्ताने काही ठिकाणी सागांचे मौनही उघडे केले. आइसलँडच्या वसाहतकर्त्यांची यादी देणारा ‘लांडनामाबोक’ हा ग्रंथ मुख्यतः नॉर्वेतून आलेल्या, नावागावाच्या पुरुषांचा ग्रंथ आहे. ब्रिटिश बेटांतून आलेल्यांचे व गुलामांचे उल्लेख त्यात आहेत, पण ते कडेला. २००० व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांनुसार मूळ वसाहतीतील पुरुषांपैकी मोठा भाग स्कँडिनेव्हियन असला, तरी स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिकांचे मूळ स्कॉटलंड व आयर्लंडकडे जाते. त्यांतल्या किती स्वेच्छेने आल्या आणि किती धरून आणलेल्या होत्या, हे जनुके सांगत नाहीत. ‘लाक्सदालची सागा’ मात्र मेल्कोर्का नावाची एक विकत घेतलेली दासी दाखविते. मुकी समजली जाणारी ही स्त्री आपल्या लहान मुलाशी एकांतात बोलताना पकडली जाते आणि आपण आयर्लंडच्या राजाची मुलगी असल्याचे सांगते. मेल्कोर्का बहुधा कल्पित असेल. परंतु बेटाच्या अर्ध्याअधिक मातांची भाषा घरात गप्प झाली, ही गोष्ट वंशावळ्यांच्या ग्रंथापेक्षा या कल्पित पात्राने अधिक नेमकी सांगितली आहे, असे म्हणावे लागते.

आणखी एक उदाहरण वायबुल यांच्या समकालीनतेच्या कसोटीला बळ देणारे आहे. नॉर्वेचा राजा स्वेरे (मृत्यू १२०२) याची सागा त्याच्या हयातीतच लिहिण्यास सुरुवात झाली. आरंभीचा भाग तर राजा स्वतः जवळ बसून, काय लिहावे ते सांगत होता, असे प्रस्तावनेतच म्हटले आहे. म्हणजे साधन समकालीन, आणि उघडपणे एकपक्षीय. ११९७ मध्ये ‘बाग्लर’ या विरोधी पक्षाने राजा नसताना ट्रोन्डहाइमजवळचा त्याचा किल्ला कपटाने घेतला, आतली घरे जाळली, एक मृत मनुष्य विहिरीत डोके खाली करून टाकला आणि वर दगड लोटून ती बुजविली, असे त्या सागेत आहे. १९३८ मध्ये ती विहीर उकरली तेव्हा दगडांखाली एक सांगाडा दिसला. महायुद्धामुळे काम थांबले आणि २०१४ व २०१६ मध्ये तो बाहेर काढण्यात आला. २०२४ मध्ये त्याच्या दातातील जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मनुष्य तीस ते चाळीस वर्षांचा, निळ्या डोळ्यांचा, फिकट केसांचा. किल्ला मध्य नॉर्वेतला. पण त्याचे पूर्वज मात्र दक्षिण नॉर्वेतले, म्हणजे ज्या भागात बाग्लर पक्षाचा जोर होता त्या बाजूचे निघाले. किल्ल्यात मारला गेलेला राजाचाच एखादा दक्षिणेकडचा शिपाई तो असू शकेल. हल्लेखोरांनी आपल्यापैकीच एकाचे प्रेत विहिरीत टाकले असेल, हेही अशक्य नाही. सागा त्याला केवळ ‘एक मृत मनुष्य’ म्हणते. नाव आणि बाजू सांगण्याची गरज राजाच्या लेखकाला वाटली नव्हती.